युरोपचा घाट

मामांनी युरोपला जायचं ठरवलं ते रोमसाठी. सहलीच्या पत्रकात पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस अशी बरीच नावं होती. मामांच्या लेखी ती वाटेतली गावं. "आपल्या घाटातून दोन हजार वर्षांपूर्वी जो माल उतरला, तो तिकडं पोचला की नाही एवढं बघून येतो," असं त्यांनी गावात जाहीर केलं.

मामा घाटघरचे. जुन्नरहून पश्चिमेला निघालेला रस्ता जिथं दमून थांबतो, ते घाटघर. एका अंगाला जीवधन किल्ला, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका आणि गावापुढं नाणेघाट. तिथून पुढची जमीन एकदम खाली कोकणात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून निघालेले व्यापारी हा घाट चढून जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचे. घाटमाथ्यावर भलामोठा दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. मामा शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून शनिवार-रविवारी या रांजणापाशी त्यांचा तास भरतो. पुण्या-मुंबईचे ट्रेकर धापा टाकत येतात, पाणी मागतात, आणि त्यांना पाण्याआधी सातवाहन मिळतात. मग मलमल, अकीक, इटलीहून येणारी वाइन आणि शेवटी रोमचा प्लिनी. हिंदुस्थान दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार या प्लिनीने पहिल्या शतकात लेखी करून ठेवली आहे.

"मग माल पोचलाच की मामा," मी म्हटलं. "पोचल्याशिवाय एवढे पैसे कोण देतंय?"

"तक्रार ही एका पक्षाची असते," मामा म्हणाले. "जागेवर जाऊन पंचनामा केला पाहिजे."

मामींचं रोमशी काही घेणं-देणं नव्हतं. पुण्यातल्या लेकीने आई-वडिलांना न विचारता दोघांच्या सहलीचे पैसे भरून टाकले, तेव्हा मामींनी एकच प्रश्न विचारला, "न्हाई गेलं तर परत देत्यात का?" देत नाहीत असं कळल्यावर मामी तयार झाल्या. पुढं जे जे झालं त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: पैसे भरलेली गोष्ट वाया घालवायची नाही.

मी जुन्नरला राहतो आणि मला ऑनलाइन अर्ज भरता येतात. त्यामुळे तयारीची जबाबदारी भाच्यावर आली.

पहिला प्रश्न पासपोर्टचा. मामांची जन्मतारीख १ जून. मामींची १ जून. अर्जाच्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघांचीही एकच?"

"गावात अजून पुष्कळ आहेत," मामा म्हणाले. "जन्माची नोंद नसली की शाळेत दाखल करताना गुरुजी १ जून लिहायचे. शाळेचं वर्षही जूनमध्ये सुरू, वयाचा हिशेब सोपा पडतो. पुढं मी गुरुजी झालो, तेव्हा मीही कितीतरी मुलांचे वाढदिवस त्याच तारखेला ठरवले."

इतक्या माणसांना जन्म दिल्याची कबुली सरकारी खिडकीवर क्वचितच कोणी देत असेल. बाईंनी मान खाली घालून शिक्का मारला.

त्यानंतर व्हिसा. युरोपातल्या २९ देशांनी मिळून एक शेंगेन नावाची व्यवस्था केली आहे. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. मामांना ही कल्पना आवडली. "एकाच नाक्यावर जकात, पुढं रस्ता मोकळा. आपल्याकडं हेच होतं," असं म्हणून त्यांनी रांजणाकडे हात केला. अर्जात प्रवासाचा उद्देश विचारला होता. मामांनी लिहिलं, 'मालाची पोच पाहणे'. लेकीने ते खोडून 'पर्यटन' केलं आणि वडिलांना सांगितलं की रोमबद्दल अधिकाऱ्यांपुढे एक शब्द काढायचा नाही.

व्हिसा देणाऱ्या देशांची मुख्य काळजी अशी, की आलेला माणूस परत जाईल ना? त्यासाठी पुरावे मागतात. पेन्शनचे कागद, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, परतीचं तिकीट, किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा. लेकीने शेतीचा सातबाराही इंग्रजी करून जोडला. आमच्या गुंठ्यांचं इंग्रजी होत नाही, ते गुंठेच राहिले. एवढ्याने समाधान न होऊन मामींनी पुण्याच्या व्हिसा केंद्रात समोरच्या मुलीला आपण होऊन सांगितलं, "म्हैस आटलीया म्हणून येतीय. मृगाच्या आत माघारी न्हाई आलो तर भाताचं रोप कोण टाकणार? ह्ये?" आणि मामांकडे हनुवटी केली. मामांच्या शेतकामाबद्दलचा एवढा भक्कम पुरावा कोणत्याही बँकेला देता आला नसता.

फोटोचं काम सोपं झालं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्यावर हसू नको. मामांनी नोकरीभर चेहऱ्यावर हेच ठेवलं होतं. अडलं ते बोटांच्या ठशांवर. मामींची बोटं काचेवर ठेवली की यंत्र म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. लावणी, कापणी, हिरडा वेचणं, भांडी. बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या. ओल्या रुमालाने पुसून झाली, मलम लावून झालं, दाबून झाली. मामी शेवटी म्हणाल्या, "कर्जाच्या कागदावर बरं पहिल्या झटक्यात उमटतोय अंगठा." यंत्राला ते लागलं असावं. पुढच्या खेपेला ठसे उमटले.

व्हिसा आला. सहल कंपनीकडून टोपी, पिशवी आणि माहितीपुस्तिका कुरिअरने निघाली, ती अकोले तालुक्यातल्या घाटघरला गेली. भंडारदऱ्याजवळचं ते घाटघर वीजप्रकल्पामुळे नकाशात ठळक आहे, आमचं नाही. मामांना कुरिअरचा राग आला नाही, नकाशाचा आला. "सातवाहनांच्या काळी घाटघर म्हटल्यावर कोणी 'कुठलं' असं विचारलं नसतं," असं ते चार दिवस म्हणत होते.

पुण्यात सगळ्या सहप्रवाशांची पूर्वतयारीची सभा झाली. टूर मॅनेजर हसतमुख तरुण होता. त्याने पडद्यावर एकेक नियम दाखवायला सुरुवात केली तसतसं सभागृहातलं हसू कमी होत गेलं. मोठी बॅग माणशी २३ किलो. हातातली ७ किलो. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको. मिरचीपूड हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत चालणार नाही. आणि सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको.

इथं मामी उठून उभ्या राहिल्या. "खोबऱ्यानं काय केलं?"

"काकू, त्यात तेल असतं. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक वस्तूंच्या यादीत आहे."

मामींनी मागं बसलेल्या बायकांकडे पाहिलं. घरोघरी डब्यात वर्षानुवर्षं हा स्फोटक पदार्थ बाळगून, त्याचं वाटण करून, पोरं वाढवलेल्या बायका. त्यांच्यात एक हुंकार उठला. शेजारच्या सदाशिव पेठी गृहस्थांनी विचारलं, "किसलेलं असेल तर?" मॅनेजरने पुढचा नियम काढला.

पुढचा नियम त्याहून वाईट होता. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दूध, म्हणजे दुधापासून केलेलं काहीही, नेता येत नाही. तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. सभागृहात शोककळा पसरली. मॅनेजरने दिलासा म्हणून सांगितलं, की मासळीवर मात्र अशी बंदी नाही, माणशी २० किलोपर्यंत नेता येते.

मामी पुन्हा उठल्या. "सुकट चालंल?"

मॅनेजरने आवंढा गिळला. "नियमात बसते, काकू. पण आपण सगळे एकाच बसमध्ये बसणार आहोत."

सुकट रद्द झाली. ती सभा संपताना प्रत्येकाच्या हातात एक छापील यादी होती. घाटघरला आल्यावर मामांनी ती बाजूला सारली आणि स्वतःची करायला घेतली. यादी करण्याची त्यांना हौस आहे, आणि त्यामागे परंपराही आहे. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा इसवी सनापूर्वीचा लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत काय काय दान दिलं याची ती भली लांब यादी. गायी हजारांनी, घोडे, हत्ती, रथ, कापड, चांदीची भांडी, कार्षापण. प्रत्येकापुढे आकडा कोरलेला. भारतातल्या जुन्यातल्या जुन्या लिहिलेल्या आकड्यांमध्ये हे आकडे मोडतात. इंग्रज अधिकारी साइक्सने एकोणिसाव्या शतकात या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं, भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्यांनी तो वाचायला डोळे झिजवले. त्याच लेण्यात राजघराण्याचे पुतळेही होते. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गेली. मामा ट्रेकरना सांगतात, "ग्रुप फोटो काढला की मागं नावं लिहून ठेवा. नावंच टिकतात."

तर मामांची यादी. वस्तू, संख्या, वजन, शेरा असे चार रकाने. त्याच्या शेजारी मामींची यादी तोंडी. या दोन याद्यांमधून मला एक गोष्ट उमगली. माणसाला कशाची भीती वाटते हे त्याच्या तोंडून कळत नाही, बॅगेतून कळतं.

मामांना कागद हरवण्याची भीती. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट यांच्या पाच-पाच झेरॉक्स; त्यांतली एक मोठ्या बॅगेत, एक हातातल्या, एक मामींच्या पिशवीत, एक माझ्याकडे, आणि एक पेटीत, कारण बाकीच्या चार हरवल्या तर. निव्वळ झेरॉक्सचं वजन सव्वा किलो भरलं. लेकीला आई-वडिलांना थंडी वाजण्याची भीती. तिने आतून घालायचे गरम कपडे, हातमोजे, कानटोप्या आणि फुगीर जाकिटं पाठवली. मामींना उपासमारीची भीती. सहलीत तिन्ही वेळचं जेवण आहे, तेही भारतीय, असं छापलेलं असताना त्यांनी तांदळाच्या पिठाचे दोन पुडे, नाचणीचं पीठ, चिवडा, लसणाची आणि खुरासणीची चटणी काढून ठेवली. तवा ठेवला तो मी काढला. त्यांनी परत ठेवला. रात्री मामांनी काढला.

त्याशिवाय बाळहिरडा. जुन्नर-आंबेगावच्या या डोंगरपट्ट्यात हिरडा हे पिकाच्या बरोबरीचं उत्पन्न आहे, आणि परदेशात पोट अडणार याविषयी मामींच्या मनात शंका नव्हती. "तिकडं पाव खात्यात, आन वर कागदानं पुसत्यात. हिरडा लागनारच." लेकीने फोनवर विचारलं, अधिकाऱ्यांनी विचारलं तर काय सांगणार? मामांनी पुडीवर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली: टर्मिनॅलिया चेब्युला. मामी म्हणाल्या, "नाव कशाला पायजे? इचारलं तर त्याला एक चघळाया दीन." एकदा चघळल्यावर तो अधिकारी पुढच्या कोणाचीच बॅग उघडणार नाही, याबद्दल आमचं एकमत झालं.

मोठी लढाई घोंगडीवर झाली. घाटघरचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना ती समजणार नाही. इथं आषाढात वारा असा फिरतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर येतं. या पावसात मामींना एकाच वस्तूने कधी दगा दिला नाही, ती घोंगडी. लेकीने पाठवलेलं जाकीट त्यांनी हातात तोलून पाहिलं. "ह्ये सहाशे ग्रॅम. ह्यात थंडी कशी जाईल? थंडीलाच उडून जाईल ह्ये."

मामांनी समजावलं, की स्वित्झर्लंडमध्ये आपण युंगफ्राऊला जाणार, ३४५४ मीटरवर स्टेशन आहे, तिथं घोंगडी कोणी पांघरत नाही.

"एवढ्या वर गाडी जाती?"

"डोंगराच्या पोटातून. १९१२ पासून."

मामींनी दारातून जीवधनकडे पाहिलं. इंग्रजांनी १८१८ मध्ये तोफा लावून त्याच्या पायऱ्या फोडल्या. अजून तिथं कातळातल्या खोबणीत बोटं रोवून चढावं लागतं. "त्यांच्या डोंगरात रेल्वे, आन आमच्या डोंगराच्या व्हत्या त्या पायऱ्या बी फोडल्या," मामी म्हणाल्या. ते हे नव्हेत, ते इंग्रज होते, असं मामांनी सांगून पाहिलं. पण निकाल लागला होता, आणि घोंगडी बॅगेत गेली होती.

आता वजन. सगळी गंमत इथं आहे. लेकीने सांगितलं, बॅगेला अडकवायचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. एकदा वजन करायला काटा विकत घ्यायचा, ही कल्पनाच मामींना सहन होईना. गावात काटा होता. हिरडा घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याने तो एका घरी ठेवलेला. बॅगा तिथं नेल्या. मात्र मामींनी आधीच बजावलं, "त्यो काटा खरा न्हाई. वीस किलोमागं दोन किलो खातो. पोतं टाकलं की हलकंच दावतो, मला ठावं हाये." गावातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं. मामांनी वहीत सूत्र मांडलं: काट्यावर एकवीस म्हणजे विमानतळावर तेवीस. त्याच्या वर एक छटाकही नको.

पहिल्या बॅगेचा काटा सव्वीसवर गेला. मामांच्या शेऱ्याच्या रकान्यात 'कमी करणे' आलं आणि घरात आठ दिवस कमी करण्याचं काम चाललं. झेरॉक्स पाचाच्या तीन झाल्या. नाचणीचं पीठ गेलं. मामांचा जाडा इतिहास गेला, कारण तो पाठच होता. चिवड्यातले शेंगदाणे काढून पुन्हा वजन झालं. शेजारणी रोज संध्याकाळी विचारायला येत, "आज किती भरली?" शेवटी चटणीचे दोन डबे आणि घोंगडी समोरासमोर आली. मामींनी घोंगडी बाहेर काढली, तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. काट्याला टेकायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं होतं की चटणीचाही एक डबा जाणार. तोही गेला. दोन्ही बॅगा एकवीसवर आल्या तेव्हा मामांनी वहीत सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी गाव भेटायला आलं. पोरांनी चॉकलेट सांगितलं. एका आजोबांनी तिकडच्या भाताचं बी मिळालं तर मूठभर आणायला सांगितलं. एकाने विचारलं, कोलोसियम किती जुनं? मामा म्हणाले, "आपल्या लेखाच्या मानाने परवाचं आहे. इसवी सन ८० मध्ये उघडलं. पण तिथं आत जायला तिकीट आहे." गावाने आपल्या लेण्याकडे पाहिलं आणि आपण किती वर्षांचं नुकसान करून घेतलं याचा हिशेब मनात केला.

मुंबईच्या विमानतळाकडे जीप निघाली. घाटघरहून जुन्नर, तिथून माळशेज घाट उतरून कल्याणच्या रस्त्याला. दोन-तीन तासांनी वैशाखरे लागलं, तेव्हा मामांनी जीप थांबवली. वर बघा म्हणाले. वर नाणेघाट. म्हणजे सकाळपासून एवढं चालवून आम्ही आमच्याच गावाच्या पायथ्याशी आलो होतो.

"पायी उतरलो असतो तर एव्हाना इथं चहा पिऊन झाला असता," मामा म्हणाले. "सातवाहनांची माणसं याच वाटेने माल आणायची."

"त्यांच्या मालाला चाकं नव्हती," मी म्हटलं. बॅगेला चार चाकं होती, आणि नाणेघाटाला दगडी पायऱ्या. दोन हजार वर्षांत सामान पुढं गेलं, घाट आहे तिथंच राहिला.

विमानतळावर काचेच्या दारातून मला आत सोडेनात. काउंटर बाहेरून दिसत होता आणि मामी फोनवर होत्या, म्हणून पुढचं मला कळलं. पहिली बॅग पट्ट्यावर चढली. समोरच्या मुलीने हसून सांगितलं, एकवीस किलो. दुसरीही एकवीस.

फोनवर बराच वेळ काही नाही. मग मामींचा आवाज, "बाई, परत एकदा टाक."

मुलीने पुन्हा टाकली. एकवीस.

"दोन आन दोन चार किलो वाया गेलं रं," मामी मला म्हणाल्या. "घोंगडी बसली असती. चटणी बसली असती. पैसं भरलेलं चार किलो!" मागून मामा वहीतलं सूत्र तपासत असल्याचं ऐकू येत होतं. सूत्र बरोबर होतं, गृहीत चुकलं होतं. म्हणजे गावातला तो काटा खरा होता, ग्रॅमभरही खात नव्हता.

मला वाटलं आता मामींना वाईट वाटेल. इतकी वर्षं ज्या काट्याला शिव्या घातल्या तो प्रामाणिक निघाला. त्या गप्प होत्या. पट्टा बॅगा घेऊन आत गेल्याचा आवाज आला. मग मामी सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाल्या,

"काटा खरा व्हता व्हय. मंजी आमी जन्मभर काट्याकडंच बघत बसलो, आन त्यो भावात मारत व्हता. आल्यावर बघते त्याच्याकडं."

मामा रोमला पंचनामा करायला गेले. मामींना त्यांचा पंचनामा मुंबईतच मिळाला होता; त्यांना आता फक्त परत यायची घाई होती.